वारा, राग आणि किनारा मोजणारा माणूस

महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर आणि भारताची ७,५१६, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, एक मार्क हमखास असायचा त्याला. आता केंद्र सरकारचा नवीन आकडा आलाय, भारताची ११,०९८ किलोमीटर आणि महाराष्ट्राची जवळपास ८७८. माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिने हे वाचलं आणि मला विचारलं, "मावशी, समुद्र वाढला की जमीन वाढली गं?"

दोन्ही नाही. नकाशा बदलला. आधीची मोजणी खूप ढोबळ नकाशावरून केली होती, या वेळी बरंच बारीक तपशील असलेला नकाशा घेतला, आणि तेवढ्यानेच हजारो किलोमीटरचा फरक पडला. तिला पटेना, म्हणून आम्ही डायनिंग टेबलवर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि कंपासपेटीतला डिव्हायडर घेतला. आधी १० किलोमीटरएवढा उघडून किनाऱ्यावरून पावलं टाकत नेला, तर दाभोळची खाडी, जयगडची खाडी सगळं एका उडीत पार, आत काय वळणं आहेत याचा पत्ताच नाही. मग तोच डिव्हायडर २ किलोमीटरएवढा केला, तर आता प्रत्येक खाडीच्या तोंडातून आत शिरावं लागायला लागलं, प्रत्येक सड्याच्या टोकाला वळसा घालावा लागला आणि बेरीज वाढत गेली. भाची म्हणाली, "मग अजून लहान केला तर?" अजून वाढेल. हातात फूटपट्टी घेऊन कातळ कातळ मोजत चाललीस तर आणखी वाढेल. म्हणजे "किनाऱ्याची लांबी किती" हा प्रश्नच अर्धवट आहे, "किती मोठ्या पावलाने मोजली" हे सोबत सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ही गोष्ट ज्याने आकडे मांडून नीट दाखवून दिली तो माणूस भूगोलाचा नव्हता हो. तो युद्धं का होतात हे शोधत होता. आणि त्याच्या आधी तो मानसशास्त्र शिकत होता, आणि त्याच्याही आधी त्याने हवामानाचा अंदाज गणिताने काढायची पद्धत शोधली होती, जी आज जगातलं प्रत्येक हवामान खातं वापरतं. लुईस फ्राय रिचर्डसन त्याचं नाव. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, आणि आपल्याकडे त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून हे लिहितेय.

जन्म १८८१ चा, इंग्लंडमधलं न्यूकॅसल, घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिश्चनांमधला असा पंथ जो युद्धाला पूर्ण विरोध करतो, शस्त्र हातात घ्यायचं नाही म्हणजे नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याचं आख्खं करिअर कुठे कुठे वळलं ते याच्यामुळे वळलं.

केंब्रिजमधून विज्ञान शिकून बाहेर पडल्यावर त्याने बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या, त्यातली एक पीट काढणाऱ्या कंपनीत होती. पीट म्हणजे दलदलीतला कुजलेल्या वनस्पतींचा थर, सुकवून जाळतात तो. पाऊस पडल्यावर त्या थरातून पाणी कसं वाहील आणि चर कुठे खणायचे हा प्रश्न होता. याचं समीकरण लिहिता येतं पण सुटत नाही, जमिनीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे पुस्तकातली सूत्रं चालत नाहीत. मग त्याने काय केलं, जमिनीवर चौकोनांची जाळी टाकली, प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिला आणि शेजारच्या चौकोनांशी तुलना करत करत साध्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराने उत्तराच्या जवळ जात राहिला. अवघड समीकरणाऐवजी हजारो सोपी गणितं. पुढे १९१० मध्ये दगडी धरणावर येणाऱ्या ताणाचा हिशोब त्याने याच पद्धतीने केला आणि त्यातली आकडेमोड मुलांकडून पैसे देऊन करून घेतली, गणितामागे ठराविक दर, आणि चुकलेलं गणित मजुरीतून वजा!

आता जी पद्धत जमिनीतल्या पाण्याला चालते ती वाऱ्याला का चालणार नाही? हवा पण पाण्यासारखीच वाहते. आज सकाळी प्रत्येक चौकोनात हवेचा दाब किती, वारा किती, तापमान किती हे माहीत असेल तर शेजारच्या चौकोनांकडे बघून तीन तासांनी काय होईल ते काढता येईल, मग त्यावरून पुढचे तीन तास, मग पुढचे. त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे जुने नकाशे चाळायचे, आजच्यासारखा दिसणारा एखादा दिवस शोधायचा आणि तेव्हा पुढे जे झालं तेच आता होईल असं सांगायचं. रिचर्डसनचं म्हणणं असं की आकाश जुन्या दिवसाची नक्कल करत नाही, ते भौतिकशास्त्राचे नियम पाळतं, तर मग नियमच चालवून बघू.

एवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. लढायचं नाही हे ठरलेलं, पण घरात बसून राहणंही मनाला पटेना, म्हणून १९१६ मध्ये हवामान खात्याची नोकरी सोडून तो क्वेकरांच्या अॅम्ब्युलन्स पथकात गेला आणि फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांना गाडीतून आणायचं काम करत राहिला. आणि मधल्या विश्रांतीत, थंडगार जागेत गवताच्या ढिगावर बसून, त्याने जगातला पहिला गणिती हवामान अंदाज हाताने काढला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तसाच डोळ्यासमोर आणत बसले होते, बाहेर तोफा चाललेल्या, हाताला कदाचित रक्ताचे डाग, आणि हा माणूस कागदावर रकाने भरतोय. मध्येच एका लढाईत ते हस्तलिखित हरवलं, आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं.

अंदाज कुठल्या दिवसाचा, तर २० मे १९१० चा. म्हणजे झालेलाच दिवस, कारण त्या दिवशीचे युरोपातले आकडे उपलब्ध होते आणि उत्तर ताडून बघता येणार होतं. उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलीबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. १४५ म्हणजे किती? समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलीबार असतो आणि मोठ्यातल्या मोठ्या चक्रीवादळाच्या पोटात शिरलं तरी एवढा फरक मुश्किलीने पडतो. उत्तर साफ चुकलं होतं.

आणि त्याने ते छापलं. १९२२ मध्ये केंब्रिजने पुस्तक काढलं त्यात सगळी पद्धत, सगळे रकाने, आणि शेवटी आलेलं हे चुकीचं उत्तर, सगळं जसंच्या तसं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच, कारण त्यामुळेच नंतरच्या लोकांना चूक कुठे आहे ते शोधता आलं. चूक पद्धतीत नव्हतीच. असं समजा की लिंबाचं वजन करायचंय, आणि तुम्ही आख्खा टेम्पो लिंबासकट वजनकाट्यावर चढवला, मग लिंबू काढून परत चढवला आणि फरक काढला. काटा जरासा इकडेतिकडे झाला की लिंबू पन्नास किलोचं निघेल. हवेत पण दोन मोठी बलं एकमेकांना जवळजवळ पूर्ण तोलून धरतात, एक दाबाचा रेटा आणि दुसरा पृथ्वी फिरते त्याचा परिणाम, आणि हवामान बदलतं ते या दोघांमधल्या बारीकशा फरकामुळे. त्या दिवशीच्या वाऱ्याच्या नोंदींत थोड्या चुका होत्या, त्यामुळे सुरुवातीचा तोल बिघडला आणि गणितात खोट्या लाटा उठल्या. पुढे आयर्लंडमधले हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तीच आकडेमोड कॉम्प्युटरवर केली, सुरुवातीच्या आकड्यांतल्या फक्त त्या खोट्या लाटा गाळून टाकल्या, तर १४५ चा आकडा एक मिलीबारच्या आसपास आला. म्हणजे गवतावर बसून केलेलं गणित बरोबर होतं हो!

त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्न लिहिलंय. एक प्रचंड मोठं गोल सभागृह, आतून भिंतींवर जगाचा नकाशा रंगवलेला, आणि गॅलऱ्यांमध्ये ६४,००० माणसं आपापल्या वाट्याच्या चौकोनाचं गणित करतायत. मधोमध उंच खांबावर एक मुख्य माणूस, जो भाग पुढे पळतोय त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो आणि जो मागे पडतोय त्यावर निळा, म्हणजे सगळं जग एका लयीत पुढे सरकावं. आजचे सुपरकॉम्प्युटर हेच करतात, हजारो प्रोसेसर, प्रत्येकाच्या वाट्याला पृथ्वीचा एक तुकडा, आणि सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, तिथे तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाज काढायची यंत्रणा २०२५ मध्ये सुरू झाली, तिचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत. रिचर्डसनचे साधारण २०० किलोमीटरचे होते. आपल्या मोबाईलवर "उद्या रायगडला ऑरेंज अलर्ट" येतं त्याच्यामागे याच जाळीवरचं गणित असतं.

मग एवढं मोठं काम केलेला माणूस हवामानातच का नाही राहिला?

१९२० मध्ये ब्रिटिश हवामान खातं हवाई मंत्रालयाखाली गेलं, म्हणजे लष्कराशी संबंध आला, आणि त्याने राजीनामा दिला. घरात बायको डोरोथी, दत्तक घेतलेली मुलं, आणि हा लंडनमधल्या एका शिक्षकांच्या कॉलेजात शिकवायला लागला. पुढे वातावरणातल्या भोवऱ्यांवरच्या त्याच्या कामाची चौकशी विषारी वायू सोडणाऱ्या लोकांकडून व्हायला लागली, धूर कसा पसरतो हे कळलं की विष कसं पसरेल तेही कळतंच ना. डोरोथीने नंतर सांगितलंय की त्याने ते संशोधन थांबवलं आणि जे छापलेलं नव्हतं ते नष्ट केलं. मी स्वतः गणित शिकवते, माझ्या फळ्यावरचं गणित कोणाला मारायला वापरलं जाईल असं मला कधी वाटलं नाही, पण त्याला ते वाटलं आणि तो तिथेच थांबला.

आणि वळला मानसशास्त्राकडे. १९२६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला होता, म्हणजे ब्रिटनमध्ये विज्ञानातला फार मोठा मान, आणि त्यानंतर १९२९ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तो मानसशास्त्राची बीएस्सीची पदवी घेतो! पोरांबरोबर परीक्षेला बसून.

तिथे त्याला पडलेला प्रश्न असा, की माणसाला जे वाटतं ते मोजता येतं का? तो लोकांना रंग दाखवायचा, एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला लालभडक, आणि विचारायचा की या दोघांच्या मधला हा गुलाबी कुठे बसतो, एका रेषेवर खूण करा. लोक खुणा करायचे, आणि त्या खुणा अगदीच मनमानी नसायच्या, त्यात एक सुसंगती निघायची. असंच आवाजाचं. आज डॉक्टर विचारतात ना, "दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" हा त्याच जातीचा प्रश्न आहे. पण तेव्हाच्या पदार्थविज्ञानाच्या लोकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, दोन किलो आणि तीन किलो एकत्र ठेवले तर पाच किलो होतात, पण दोन दुखणी एकत्र ठेवून पाच कशी करणार, मग याला मोजणं म्हणायचं कसं? यावर ब्रिटनमध्ये १९३२ ला एक समिती बसली, अर्धे पदार्थविज्ञानवाले अर्धे मानसशास्त्रवाले, रिचर्डसन पण त्यात होता, आणि १९४० पर्यंत चर्चा करूनही त्यांचं एकमत झालं नाही. त्या वादाला उत्तर म्हणून अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मोजमापाचे चार प्रकार मांडले, नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो. बीए सायकॉलॉजी असो की एमबीए, स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या धड्यात हेच असतं, पण ते कुठल्या भांडणातून आलं ते आपल्याला कोणी सांगत नाही.

आता दोन्ही हत्यारं त्याच्या हातात होती, बदलत्या गोष्टींचं गणित आणि मन मोजायची हिंमत. दोन्ही घेऊन तो युद्धाकडे गेला, खरं तर परत गेला, कारण युद्धाच्या मानसशास्त्रावर एक छोटं गणिती पुस्तक त्याने १९१९ मध्येच स्वखर्चाने छापून अॅम्ब्युलन्स पथकातल्या सोबत्यांना अर्पण केलं होतं.

त्याचं शस्त्रस्पर्धेचं समीकरण मी वर्गात असं सांगते. गणपतीत समोरासमोर दोन मंडळं. दर वर्षी किती स्पीकर वाढवायचे हे तीन गोष्टींवर ठरतं. समोरच्याचे किती आहेत ही चुरस. आपल्याला खर्च किती झेपतोय हा थकवा, तो आकडा खाली ओढतो. आणि जुना राग, म्हणजे मागे कधीतरी विसर्जनाला झालेली बाचाबाची, तो समोर एकही स्पीकर नसला तरी असतोच. आता आकडे घाला. जुना राग १० स्पीकरचा. थकवा १, म्हणजे स्वतःच्या प्रत्येक स्पीकरमागे एक कमी करावासा वाटतो. चुरस ०.५, म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक दोन स्पीकरमागे एक वाढवावासा वाटतो. कुठे थांबेल? दोघांकडे २०-२० झाले की, कारण २० चं अर्धं १०, त्यात राग १० मिळवला, थकवा २० वजा केला, शून्य. आता फक्त चुरस ०.९ करा, बाकी काही बदलू नका. ९० अधिक १० वजा १००, आता ते १००-१०० वर जाऊन थांबतात. चुरस १ केली तर? थांबतच नाहीत, दर वर्षी दहा-दहा वाढतच राहतात. एकच्या वर गेली की वाढ पळायलाच लागते. राग तेवढाच, माणसं तीच, पण चुरस थकव्याच्या वर गेली की गाडी दरीत. मुलं इथे एकदम गप्प होतात.

रिचर्डसनने स्पीकरच्या जागी देशांचा शस्त्रांवरचा खर्च घातला, १९०९ ते १९१३, एका बाजूला फ्रान्स आणि रशिया, दुसऱ्या बाजूला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी, आणि आकडे रेषेवर बऱ्यापैकी बसले. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली की माणसं थांबून विचार करणार नसतील तर काय करतील, एवढंच हे समीकरण सांगतं. थांबून विचार करायची मोकळीक त्याने माणसाकडेच ठेवली, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशी समीकरणं बघून "मग युद्ध होणारच" म्हणणारे खूप भेटतात.

पुढे १९४० मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली इथल्या टेक्निकल कॉलेजच्या प्रिन्सिपलपदावरून तो लवकर निवृत्त झाला, पूर्ण वेळ याच कामासाठी. १८२० नंतरच्या भांडणांची यादी करत बसला, खुनापासून महायुद्धापर्यंत, आणि भूकंपाच्या रिश्टरसारखी मोजपट्टी लावली, किती माणसं मेली त्या आकड्यात एकावर किती शून्यं. एक खून म्हणजे ०, हजार माणसं म्हणजे ३, एक कोटी म्हणजे ७. मग एकेक समजूत तपासायला घेतली. एक भाषा बोलणारे देश आपसात कमी लढतात का? तसा काही ठोस पुरावा त्याला सापडला नाही. जास्त देशांना सीमा लागून असल्या तर युद्धं जास्त होतात का? हो, तसं दिसलं.

आणि इथे तो किनारा येतो. सीमेचा अभ्यास म्हणून त्याने देशादेशांच्या सीमांची लांबी बघायला पुस्तकं उघडली, तर स्पेन आणि पोर्तुगालमधली सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४! सीमा एकच. दुसरा कोणी असता तर छपाईची चूक म्हणून पुढे गेला असता. हा नकाशे आणि डिव्हायडर घेऊन बसला, आम्ही डायनिंग टेबलवर जे केलं तेच, आणि त्याला दिसलं की पाऊल लहान करत गेलं तर लांबी एका ठराविक नियमाने वाढत जाते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी पाऊल अर्धं केलं की लांबी दर वेळी साधारण १९ टक्के वाढते, दक्षिण आफ्रिकेच्या सपाट किनाऱ्यासाठी जेमतेम दीड टक्का. तो १९५३ मध्ये गेला, हे काम १९६१ मध्ये छापून आलं, आणि १९६७ मध्ये मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ते उचलून "ब्रिटनचा किनारा किती लांब" हा प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यातून पुढे फ्रॅक्टलची, म्हणजे जितकं जवळून बघावं तितकी नवीन वळणं दिसणाऱ्या आकारांची, भूमिती उभी राहिली. म्हणजे युद्ध का होतं हे शोधता शोधता, भाचीने परवा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निघालं.

त्याचं एक काम मला सांगायलाच हवं, कारण त्याला खर्च जवळजवळ शून्य होता. १९४८ मध्ये अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल आणि तो स्कॉटलंडमधल्या लॉख लाँगच्या धक्क्यावर उभे राहून पाण्यात पार्सनिपचे तुकडे टाकत होते. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं पांढरट कंद. तेच का, तर ते पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, म्हणजे वारा त्याला ढकलत नाही, आणि पांढरं असल्यामुळे वरून दिसतं. दोन तुकडे जवळजवळ टाकायचे, अर्ध्या मिनिटाने किती लांब गेले ते बघायचं. जवळ असलेले तुकडे हळू वेगळे होतात, लांब असलेले भराभर, कारण लांबच्या तुकड्यांना मोठे भोवरे ओढून नेतात. हवेसाठी त्याने १९२६ मध्येच नियम दिला होता, की अंतर आठपट झालं की पसरण्याचा जोर सोळापट होतो, आणि पाण्यात पण साधारण तेच निघालं. चिमणीचा धूर किंवा समुद्रात सांडलेलं तेल सुरुवातीला एकत्र राहतं आणि मग एकदम पसरतं, ते का, हे या तुकड्यांतून कळतं.

१९५० मध्ये अमेरिकेत चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन या शास्त्रज्ञांनी एनिॲक या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा हवामानाचा अंदाज काढला, २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले. चार्नीने तो लेख रिचर्डसनकडे पाठवला. रिचर्डसन तेव्हा सत्तरीच्या घरात. त्याने लेखातले नकाशे घेतले, डोरोथीला समोर बसवलं, बाकीचं कार्डाने झाकलं आणि तिला विचारलं की दुसऱ्या दिवशीचं खरं हवामान जास्त कशासारखं दिसतंय, कॉम्प्युटरने काढलेल्या नकाशासारखं की आदल्या दिवशीच्याच नकाशासारखं? तिने एकेक नकाशा बघून उत्तरं दिली, त्याने आकडे मांडले. कॉम्प्युटर जिंकला होता, पण थोडक्यात. त्याने चार्नीला कळवलं की आपण आज एक छोटासा मानसशास्त्रीय प्रयोग केला, त्याचा निकाल हा असा, आणि आपल्या त्या एकुलत्या एक, साफ चुकलेल्या उत्तरापेक्षा विज्ञान आता खूप पुढे गेलंय.